मुंबई ते लंडन विमानप्रवास: अंतर आणि वेळ, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेक किंवा मुलगा तिकडे स्थायिक, नातवंडाचं बारसं जवळ आलेलं आणि इकडे आई-बाबांचं पहिलंच थेट विमान: बहुतेक प्रश्न अशाच घरांतून येतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, काही नुसत्या कुतूहलाचे. खाली 'मुंबई' म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि 'लंडन' म्हणजे हीथ्रो. दुसरा विमानतळ असेल तिथे तसं लिहिलं आहे.

१. मुंबई ते लंडन विमानाने किती अंतर आहे?

सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. दोन विमानतळांमधला पृथ्वीच्या पाठीवरून जाणारा सर्वांत जवळचा मार्ग एवढा भरतो. प्रत्यक्ष विमान याहून जास्त उडतं. ते का, हे प्रश्न ८ मध्ये आहे.

२. थेट विमानाला किती तास लागतात?

मुंबईहून लंडनला जाताना साधारण साडेनऊ ते साडेदहा तास, लंडनहून परत येताना साडेआठ ते सव्वानऊ. ऋतू, कंपनी आणि त्या काळात कुठल्या देशाचं आकाश उघडं आहे यावर हे आकडे पुढेमागे होतात. एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर जाताना दहा, येताना नऊ धरा.

३. तिकिटावर निघायची वेळ रात्री २ आणि पोचायची सकाळी साडेसात आहे. साडेपाच तासांत कसं पोचणार?

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. रात्री दोनला निघून दहा तासांनी पोचलात तर मुंबईत तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणून तिथे सकाळचे साडेसात. हिवाळ्यात ते साडेपाच तास मागे असतं, तेव्हा त्याच दहा तासांनंतर तिथे साडेसहा वाजलेले दिसतील.

परतीला हिशेब उलटा होतो. उन्हाळ्यात लंडनहून रात्री साडेनऊला निघालात आणि नऊ तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळचे अकरा वाजतात. तिकीट पाहणाऱ्याला हा साडेतेरा तासांचा प्रवास वाटतो आणि घरचे उगाच घाबरतात. खरा कालावधी तिकिटावर वेगळा छापलेला असतो, तोच वाचा. घड्याळं कोणत्या तारखेला बदलतात ते प्रश्न १४ मध्ये.

४. एकच रस्ता, मग जाताना जास्त वेळ आणि येताना कमी का?

वाऱ्यामुळे. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांतल्या सर्वांत वेगवान पट्ट्याला जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतीला पाठीशी असतो. हिवाळ्यात तो अधिक जोरात असतो, त्यामुळे जानेवारीत जायच्या आणि यायच्या वेळेतला फरक जुलैपेक्षा ठळक दिसतो.

'पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून लंडन आपल्यापासून दूर पळतं' असं उत्तर पुष्कळ जण देतात. ते बरोबर नाही. जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडत असतं. फरक पडतो तो हवा जमिनीच्या तुलनेत किती वेगाने सरकते आहे त्याचा.

इथे एक गणिती गंमत आहे. जाताना जेवढं नुकसान तेवढाच येताना फायदा, म्हणजे हिशेब फिटला, असं वाटतं. तसं होत नाही. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. वारा नसेल तर ७,२०० किलोमीटरला ८ तास, जाऊन-येऊन १६. आता ताशी ८० किलोमीटरचा वारा घ्या. जाताना वेग ८२० उरतो, वेळ ८ तास ४७ मिनिटं. येताना ९८०, वेळ ७ तास २१ मिनिटं. बेरीज १६ तास ८ मिनिटं. वाऱ्याविरुद्ध विमान जास्त वेळ झुंजत असतं, म्हणून तोटा नेहमी फायद्याहून थोडा मोठा निघतो.

५. एक साइट ७,२०० सांगते, दुसरी ४,४८०, तिसरी ३,८९०. खरं कोण?

तिघीही. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा आपल्या नेहमीच्या मैलांचा (१ मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर), तिसरा नॉटिकल मैलांचा (१ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक नॉटिकल मैलच वापरतात. एकक न लिहिता नुसता आकडा देणाऱ्या साइटवर विश्वास ठेवू नका.

दहा-वीस किलोमीटरचा किरकोळ फरक दिसला तर कारण वेगळं असतं. कोणी पृथ्वी अगदी गोल धरतं, कोणी ध्रुवांशी चपटी धरतं. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आहे, ध्रुवांपाशी ६,३५७. शिवाय काही साइट्स विमानतळाऐवजी शहराच्या मध्यापासून मोजतात.

६. हे अंतर मला स्वतःला काढता येईल का?

येईल, दहावीचं त्रिकोणमिती आठवत असेल तर वही-पेनाने. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व. हीथ्रो ५१.४७ अंश उत्तर आणि ०.४६ अंश पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: फरक ७३.३३ अंश.

आता दोन गुणाकार करा. पहिला, दोन्ही अक्षांशांच्या साइनचा: ०.३२७ × ०.७८२ = ०.२५६. दुसरा, दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनचा: ०.९४५ × ०.६२३ × ०.२८७ = ०.१६९. बेरीज ०.४२५. ज्या कोनाचा कोसाइन एवढा असतो तो कोन सुमारे ६४.९ अंशांचा. पृथ्वीच्या पाठीवर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, तेव्हा गुणाकार ७,२०० च्या थोडा वर जातो. झालं. हीच रीत जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांना चालते. दोन्ही ठिकाणं पूर्व रेखांशात असतील तर मात्र बेरीज न करता वजाबाकी करायची, आणि दक्षिण अक्षांश उणे धरायचा. मुलांकडून एकदा करून घ्या, शाळेत त्रिकोणमिती कशासाठी शिकवतात ते त्यांना आपोआप कळेल.

७. नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सरळ येते. सीटसमोरच्या पडद्यावर मात्र मार्ग उत्तरेकडे फुगलेला दिसतो. विमान वळसा घालतं का?

वळसा पट्टीच्या रेघेत आहे. भिंतीवरचा नकाशा म्हणजे गोल पृथ्वी सपाट करून पसरलेली, त्यात उत्तरेकडचे देश ताणले जातात. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. नेहमीच्या मर्केटर नकाशावरच्या सरळ रेघेवरून उडायचं ठरवलं तर अंतर सुमारे ७,४०० किलोमीटर होईल, म्हणजे दोनशे किलोमीटर जास्त.

८. मग विमान त्या दोऱ्याच्या रेषेवरून जातं का?

नाही, आणि सध्याच्या काळात हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

दोऱ्याची रेषा मुंबईहून वायव्येला निघते आणि जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून जाते. पुढे बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक, अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि मग लंडन. ही यादी वाचतानाच अडचण लक्षात येते. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपलं आकाश बहुतांशी बंद ठेवलं होतं. त्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांना बंदी केली आणि ती महिन्यामहिन्याने वाढवत नेली. १३ जून २०२५ रोजी इराणचं आकाश अचानक बंद झालं, तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान वाटेतून मुंबईला परत आलं.

त्यामुळे भारतीय कंपनीचं विमान अरबी समुद्रावरून सरळ ओमानच्या बाजूला जातं आणि त्या दिवशी जे आकाश उघडं असेल त्यातून वाट काढत युरोप गाठतं. प्रत्यक्ष उड्डाण साडेसात हजार किलोमीटरच्या पुढे सहज जातं. त्यातल्या त्यात मुंबईचं बरं आहे, समोर समुद्र मोकळा आहे. दिल्लीहून निघणाऱ्या विमानाला आधी दक्षिणेकडे उतरून मग पश्चिमेला वळावं लागतं, त्याचा वेळ कितीतरी जास्त वाढतो.

पाकिस्तानची ही बंदी भारतात नोंदलेल्या विमानांसाठी आहे. ब्रिटिश कंपनीच्या विमानाला ती लागू नाही. म्हणूनच एकाच दिवशी, त्याच दोन विमानतळांमध्ये दोन कंपन्यांचे कालावधी वेगळे दिसू शकतात. तिकीट काढताना जुन्या लेखातला आकडा धरू नका, त्या आठवड्यातलं वेळापत्रक पाहा.

कराचीची रेषा पाहिली की मला एक जुनी गोष्ट हटकून आठवते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले, ते टपालाच्या पिशव्या घेऊन. लंडनहून इम्पीरियल एअरवेजचं विमान टपाल कराचीपर्यंत आणायचं, पुढे ते मुंबईकडे आणायची सोय हवी होती. टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली ती नेमकी याच वाटेवर. लंडनहून येणाऱ्याला कराची हा नकाशातच पडणारा मुक्काम होता. तेच आकाश आज आपल्या विमानांना टाळून जावं लागतं, याची मनापासून खंत वाटते.

९. तिकिटावर दहा तास, वैमानिक म्हणाला 'नऊ तास दहा मिनिटं'. उरलेली पन्नास मिनिटं कुठे गेली?

तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हा सुरू होतो आणि दुसऱ्या गेटला लागून थांबतं तेव्हा संपतो. वैमानिक सांगतो तो हवेतला वेळ. मधला फरक धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर टर्मिनल गाठणं यात जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मनमोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या तासाला रांग लागते. कंपन्या यात थोडी मोकळी मिनिटंही धरून ठेवतात. म्हणून उशिरा सुटलेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं.

१०. लंडन खाली दिसतंय आणि विमान गोल गोल फिरतंय. काही बिघाड असतो का?

नाही, हे तिथलं रोजचं आहे. हीथ्रोला फक्त दोन धावपट्ट्या आणि प्रचंड गर्दी. शहराभोवती बोव्हिंगडन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन हिल या चार ठिकाणी विमानं एकावर एक अशा थरांत फिरत ठेवतात आणि खालच्या थरातून एकेक काढून उतरवतात. दहा-पंधरा मिनिटं अशी गेली तर नवल नाही, आणि त्यासाठी लागणारं इंधन आधीच भरलेलं असतं. पहाटेच्या विमानांना आणखी एक बंधन आहे: रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेतल्या उड्डाणांची संख्या आवाजाच्या नियमांनी बांधलेली आहे. म्हणून समोरचा वारा कमी लागून लवकर पोचलेलं विमानही लगेच खाली उतरेल असं नाही.

११. दुबईमार्गे गेलो तर किती लांब पडतं?

अंतराने फारसं नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९२५ किलोमीटर आणि दुबई-लंडन सुमारे ५,५००, मिळून ७,४२५. थेट रेषेपेक्षा फक्त सव्वादोनशे किलोमीटर जास्त, कारण दुबई जवळपास वाटेतच आहे. वेळ जातो तो दुबईच्या थांब्यात. दोन तासांचा थांबा असेल तर एकूण तेरा-साडेतेरा तास, सहा तासांचा असेल तर सतरा-साडेसतरा. भाडं पाहताना थांब्याचा आकडाही पाहा. वयस्कर माणसांना दीड तासाहून कमी थांबा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या विमानाला उशीर झाला की सगळी धावपळ त्यांच्या गुडघ्यांवर येते.

१२. आम्ही पुण्याचे. एकूण किती वेळ धरायचा? आणि नवी मुंबईहून विमान असेल तर?

पुण्याहून गाडीने मुंबई विमानतळ गाठायला चार तास धरा. पावसाळ्यात आणि सुट्ट्या लागून आल्या की घाटात अडकायला होतं, तेव्हा पाच. विमानतळावर तीन तास आधी, मग दहा तासांचा प्रवास, आणि उतरल्यावर बाहेर पडायला दीड तास. दारातून निघाल्यापासून हीथ्रोच्या बाहेर येईपर्यंत साडेअठरा ते साडेएकोणीस तास होतात. औषधं, डबा, मोबाइलचं चार्जिंग याचा विचार या आकड्यावर करा, दहा तासांवर नको.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. तो जुन्या विमानतळापासून हवाई अंतराने सुमारे २५ किलोमीटरवर आहे, म्हणजे ७,२०० किलोमीटरच्या प्रवासात त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो रस्त्यावर: पुण्याकडून येणाऱ्याची मुंबईतली गर्दी वाचते. दोन्ही विमानतळांची नावं तिकिटावर नीट वाचा. चुकीच्या विमानतळावर पोचलात तर गाठायला वेळ उरत नाही.

१३. तिकिटावर '१५ तारीख, ०१:३०' लिहिलंय. विमानतळावर कधी जायचं?

१४ तारखेच्या रात्री, साडेदहापर्यंत. मध्यरात्र उलटली की तारीख बदलते, म्हणून १५ तारखेचं दीडचं विमान म्हणजे १४ च्या जेवणानंतर निघायचं. १५ तारखेला रात्री गेलात तर विमान सुटून जवळजवळ एक दिवस झालेला असेल. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं याच वेळेला असतात, म्हणून हे पुन्हापुन्हा सांगतो. घरच्या कॅलेंडरवर निघायची तारीख म्हणून १४ ला खूण करा आणि गाडीवाल्यालाही '१४ ची रात्र' असंच सांगा.

१४. लंडनची घड्याळं कधी बदलतात? त्याच रात्री प्रवास असेल तर?

मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे. २०२६ मध्ये हे दिवस २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. त्या रात्री प्रवास असला तरी तिकिटावरची वेळ बदल धरूनच छापलेली असते, वर पुन्हा तास मिळवू नका. विमान कंपन्यांचं वेळापत्रकही याच दोन दिवशी बदलतं. म्हणून फेब्रुवारीत पाहिलेली मुंबईची सुटायची वेळ एप्रिलमध्ये तीच असेल असं धरू नका.

१५. मुलाने आम्हाला घ्यायला किती वाजता यावं?

विमान उतरल्याच्या वेळेनंतर साधारण सव्वा ते दीड तासाने. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना सहसा इमिग्रेशनच्या काउंटरवरच जावं लागतं आणि सकाळी तिथे मोठी रांग असते. व्हीलचेअर मागितली असेल तर मदतनीस यायला वेळ लागतो, पण पुढचं काम सोपं होतं. हीथ्रोला २, ३, ४ आणि ५ अशी चार टर्मिनलं चालू आहेत आणि ती एकमेकांपासून लांब आहेत, तेव्हा क्रमांक मुलाला आधीच कळवा.

१६. आईला इन्सुलिन आहे. डोस कोणत्या घड्याळाने द्यायचा?

हे तिच्या डॉक्टरांना प्रवासाच्या आठवडाभर आधी विचारा, विमानात बसून ठरवू नका. त्यांना तीन गोष्टी लिहून द्या: सुटायची वेळ भारताच्या घड्याळाने, पोचायची वेळसुद्धा भारताच्या घड्याळाने, आणि जेवण कधी मिळणार. पश्चिमेला जाताना तिचा दिवस साडेचार-साडेपाच तासांनी लांबतो, परतीला तेवढाच आखडतो, म्हणून दोन्ही वेळचे डोस वेगळे ठरू शकतात. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका, तिथे ते गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या.

१७. पहाटे सूर्योदय खिडकीतून दिसेल का?

ऋतूवर आहे. डिसेंबरात रात्री दोनला निघालात तर दहाच्या दहा तास अंधारात जातात, कारण लंडनला साडेसहाला उतरता आणि सूर्य तिथे आठच्या सुमारास उगवतो. सूर्य ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने विमान पळत असल्याने रात्र जवळजवळ दीडपट लांबते. जूनमध्ये मात्र लंडनचा सूर्योदय पावणेपाचच्या आसपास असतो, तेव्हा उतरण्याआधी दोन-तीन तास लख्ख उजेड असतो. सूर्य मागून येतो, जाताना उजव्या बाजूच्या खिडकीतून तो दिसण्याची शक्यता जास्त.

१८. पूर्वी किती वेळ लागायचा?

एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालं: 'मलबार प्रिन्सेस' नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांचं. कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत ते लंडनला १० जूनला पोचलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट विमान आलं आणि वेळ एकदम घटला. गमतीची गोष्ट म्हणजे तेव्हापासून विमानांचा वेग जवळजवळ वाढलेलाच नाही. मधले थांबे गेले, त्यानेच वेळ वाचला.

१९. विमानाला उशीर झाला तर भरपाई अंतरावर ठरते का?

ब्रिटनच्या नियमात हो. ३,५०० किलोमीटरहून लांबचं उड्डाण पोचायला चार तास किंवा जास्त उशीर झाला आणि दोष कंपनीचा असेल, तर माणशी ५२० पौंड मिळतात. तीन ते चार तासांचा उशीर असेल तर २६० पौंड. खराब हवा किंवा आकाश बंद होणं यात कंपनीचा दोष धरत नाहीत, तेव्हा रोख भरपाई मिळत नाही. जेवण आणि राहायची सोय मात्र द्यावीच लागते.

मेख अशी आहे: लंडनहून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला हा नियम लागू आहे, पण मुंबईहून लंडनला जाताना फक्त ब्रिटिश आणि युरोपीय कंपन्यांना. भारतीय कंपनीने मुंबईहून गेलात तर या नियमाने मागता येत नाही. एकाच तिकिटावर लंडन-दुबई-मुंबई असा प्रवास असेल, तर अंतर पहिल्या आणि शेवटच्या विमानतळामधलं सरळ रेषेतलं धरतात, तुकड्यांची बेरीज करत नाहीत.

भारतीय नियम वेगळ्या पायावर उभा आहे. ऐनवेळी उड्डाण रद्द झालं तर भरपाई अंतरावर ठरत नाही. ती प्रश्न ९ मधल्या गेट-ते-गेट वेळेवर ठरते: एक तासापर्यंत ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. बोर्डिंग पास आणि उशिराचा संदेश फोनमध्ये जपून ठेवा, दावा करताना तेच लागतं.

२०. आमचं विमान नेहमी दुपारचं असतं, एका दिवशी मात्र संध्याकाळचं दाखवतंय. का?

बहुधा धावपट्ट्यांच्या देखभालीचा दिवस असेल. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येकी एक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात. रबराचे थर काढणं, डागडुजी, दिव्यांची तपासणी ही कामं त्या सहा तासांत उरकतात. तारीख बरीच आधी जाहीर होते, त्यामुळे कंपन्या वेळ आगाऊ बदलून कळवतात. पुढचं विमान किंवा रेल्वे जोडून घेतली असेल तर ती वेळ तेवढी पुन्हा तपासा.